विनोदी रहस्य कादंबरी कशी रचावी: झाडीपट्टीतल्या एका रात्रीचं उदाहरण

विनोदी रहस्य कादंबरी लिहायला घेतलेल्या बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. रहस्य एकीकडे रचलं जातं आणि विनोद दुसरीकडे. दोन प्रकरणं तपास, मग वाचक कंटाळेल म्हणून एक बावळट हवालदार, मग पुन्हा तपास. वाचक ती हवालदाराची पानं भराभर उलटतो, कारण गोष्ट तिथे थांबली आहे हे त्याला कळतं. या प्रकाराची खरी गोडी अशी, की हसताना माणूस शंका घेत नाही. गंभीर रहस्यकथेत लेखकानं पिवळ्या पिशवीचं वर्णन केलं की मुरलेला वाचक मनात खूण करून ठेवतो. तीच पिशवी कुणाच्या फजितीत दिसली तर तो हसून पुढे जातो आणि शेवटी कपाळावर हात मारतो. म्हणून महत्त्वाचा पुरावा विनोदाच्या आतच ठेवायचा. बाकीची कारागिरी याच्याभोवती.

गुन्हा कोणता घ्यावा

विदर्भातलं गाव घेतलं की काही गोष्टी पहिल्या दिवशीच बाजूला ठेवाव्या लागतात. कीटकनाशकाची बाटली आणि झाडाला लटकलेला दोर यांच्यावर इथे विनोद होत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि आत्महत्या तर घराघरांतली गोष्ट आहे. विषप्रयोग हा रहस्यकथेचा आवडता मार्ग असला तरी या मातीत तो विनोद मारून टाकतो. वाघाच्या हल्ल्यातला मृत्यूही तसाच. वाघाची अफवा मात्र बिनधास्त वापरा. अफवेमुळे संध्याकाळी सातनंतर रस्ता ओस पडतो, आणि ओस रस्ता गुन्हेगाराला हवाच असतो.

मग उरतं काय? पुष्कळ. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, आदल्या रात्री नाहीशी झालेली बैलजोडी. खरेदी केंद्रावर वजनकाट्याला लागलेली आणि जिनिंगपर्यंत न पोचलेली कापसाची गाडी. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेचा एकाच हंगामात दोन व्यापाऱ्यांना झालेला सौदा. सातबाऱ्यावर जिवंत असलेला मेलेला काका. गुन्हा आकारानं लहान चालतो, पण कुणाचं तरी त्यात सगळं जायला हवं. पैसे किती गेले यापेक्षा नाव कुणाचं खराब झालं, हे गावात मोठं असतं.

या लेखात उदाहरण घेऊ ते झाडीपट्टीतलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावोगावच्या जत्रांना, सुरुवात होते आणि होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, घरोघरी पाहुणे. कंपन्या बहुतेक देसाईगंज-वडसा इथल्या. गावचं मंडळ कंपनीशी रक्कम ठरवतं, तिकिटं विकतं, उरेल तो नफा मंडळाचा. पडदा रात्री दहा-साडेदहाला वर जातो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं.

रहस्यकथेसाठी ही मांडणी फारच सोयीची आहे. कनातीनं बंद केलेली जागा, एक फाटक, आत अख्खं गाव. डिसेंबरची थंडी, त्यामुळे प्रत्येकाच्या डोक्याला कानटोपी आणि अंगावर ब्लँकेट. शेजारी कोण बसलं होतं हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि तरी प्रत्येकाकडे एकच उत्तर: ‘मी त नाटकात होतो गा!’

आधी खरं काय घडलं ते लिहा

कादंबरीचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी गुन्ह्याची खरी हकिगत दोन पानांत सरळ लिहून काढा. त्यात विनोद नको, लपवाछपवी नको. आपल्या उदाहरणात ती अशी:

मंडळाच्या सचिवानं कंपनीला द्यायची आगाऊ रक्कम दिलेलीच नाही, स्वतःच्या कर्जात घातली. मंडळाला वाटतं निम्मे पैसे पोचले. शेवटच्या अंकाआधी तिकिटांच्या पेटीतून बाकी चुकती करायची आहे. मॅनेजर आकडा उच्चारेल त्या क्षणी सचिव उघडा पडेल. म्हणून त्याआधी पेटीच गायब व्हायला हवी. पेटी शेजारच्या शाळेच्या खोलीत, खजिनदाराच्या ताब्यात. खजिनदार निवृत्त गुरुजी, गावात ज्यांच्या शब्दावर उधारी मिळते असे. पेटी गेली तर आळ त्यांच्यावर.

बघा, यात तीन गोष्टी एकदम मिळाल्या. गुन्ह्याला कारण आहे, घड्याळाची घाई आहे आणि निष्पाप माणूस भरडला जातो आहे. थरार हवा असेल तर घाई गुन्ह्यातूनच निघाली पाहिजे. पैसे नाहीत म्हणून कंपनी शेवटचा अंक करायला नकार देते, रात्रीचे दोन वाजलेत, समोर हजार-दोन हजार माणसं तिकिटं काढून बसली आहेत. इथे बंदुकीची गरज नाही.

यानंतर वेळापत्रक आखा. मोठ्या कागदावर उभे रकाने पात्रांचे, आडव्या ओळी वेळेच्या, दर पंधरा मिनिटांची एक, रात्री नऊपासून पहाटे पाचपर्यंत. प्रत्येक चौकोनात दोन नोंदी: माणूस खरंच कुठे होता आणि तो कुठे होतो म्हणून सांगतो. दोन्ही नोंदी जिथे जुळत नाहीत तिथे लाल खूण. संशयित पाच-सहा पुरेत. आठच्या वर गेले की वाचक नावं विसरतो आणि विनोदही विरतो.

चिठ्ठीचं उदाहरण

आता पुरावा विनोदात कसा बसवायचा ते पाहू. सचिवाला आपण मंडपात होतो हे दाखवायचं आहे. झाडीपट्टीत गाणं आवडलं की प्रेक्षक बक्षीस देतात आणि माईकवरून नावासकट पुकारा होतो. सचिव दुपारीच एक चिठ्ठी लिहून ठेवतो, ५१ रुपयांसकट पुकारा करणाऱ्याच्या पोराकडे देतो आणि सांगतो, तिसऱ्या अंकातल्या गाण्यानंतर वाचा. रात्री दीड वाजता अख्ख्या मंडपाला त्याचं नाव ऐकू येतं. तो त्या वेळी शाळेच्या मागच्या खिडकीत असतो.

पण ओळीनं रोज प्रयोग झाल्यामुळे त्या रात्री नायिकेचा गळा बसला आहे. गाणं गाळून मॅनेजर विनोदी नटाला लुगडं नेसवून पुढे काढतो, आणि तो बेंबीच्या देठापासून बेसूर ओरडतो. मग माईकवरून येतं: ‘सुमधुर गळ्यानं आम्हाला मंत्रमुग्ध केल्याबद्दल सचिवसाहेबांकडून ५१ रुपये!’ मंडप हसून लोळतो. सचिवाचा हाडवैरी लगेच उठतो: ‘या सुमधुर गळ्याले माह्याकडून १०१! पण एका अटीवर, आता गप राहाले सांगा!’ मग आणखी कुणी १५१ देतो. पान-दीड पान ही चढाओढ चालू द्या.

वाचक हसला. सचिव उपहासानं बोलला असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात चिठ्ठीतलं कौतुक खरं होतं, कारण लिहिणाऱ्यानं नाटक पाहिलंच नव्हतं. ज्याला गळा बसल्याचं ठाऊक नव्हतं असा अख्ख्या गावात एकच माणूस. मंडपातलं हसू हाच पुरावा झाला. शेवटी हे उलगडतं तेव्हा वाचकाला तो प्रसंग शब्दन् शब्द आठवतो, कारण हसलेली गोष्ट माणूस विसरत नाही.

असा पुरावा तपासायची एक सोपी कसोटी आहे. विनोद काढून टाकला तर रहस्य सुटेल का? सुटत असेल तर तो विनोद शोभेचा. आणि पुरावा काढून टाकला तर प्रसंग तरीही हसवेल का? हसवायलाच हवा, नाहीतर मुरलेल्या वाचकाला तिथे लेखकाचा हात दिसतो.

साधारण ५० ते ६० हजार शब्दांच्या कादंबरीत असे सात-आठ पुरावे पुरतात. त्यातले निम्मे विनोदात, दोन रटाळ सरकारी भाषेत, एखाददुसरा उघड्यावर. प्रत्येक महत्त्वाचा पुरावा दोनदा दिसावा, पहिल्यांदा प्रसंगात आणि दुसऱ्यांदा कुणाच्या तरी बोलण्यात. शेवटचा पुरावा पुस्तकाच्या तीन-चतुर्थांशाआधी यावा. त्यानंतर नवीन माहिती आणून गुन्हेगार पकडला तर वाचक पुस्तक भिंतीवर फेकेल, आणि ते रास्तच.

सरकारी भाषेचं सांगायचं तर पंचनाम्यासारखी दुसरी जागा नाही. ‘सदर खोलीत वर नमूद टेबलावर खालील वर्णनाच्या वस्तू समक्ष मिळून आल्या’ म्हणून चौदा वस्तूंची यादी टाका, त्यात अर्धवट उघडलेली खर्र्याची पन्नी नवव्या क्रमांकावर. खर्रा कोणत्या पानठेल्यावर घोटला आणि त्यात सुपारी-तंबाखू-चुना कसा पडला हे खाणारा ओळखतो. पंच व्हायला कुणी तयार होत नाही ही गावाकडची खरी गोष्ट, कारण मग कोर्टाच्या तारखा लागतात. पंच मिळवण्याची धावपळ लांबवा. वाचक त्यात गुंतला की यादीवरून त्याची नजर घसरते.

खोटं बोलणारे निष्पाप लोक

रहस्य गुन्हेगाराच्या खोटेपणावर कमी आणि इतरांच्या खोटेपणावर जास्त चालतं. प्रत्येक संशयिताला लपवण्यासारखं काहीतरी द्या, शक्यतो हास्यास्पद. एक जण म्हणतो, ‘मी त वावरात होतो गा, मोटर चालू कराले गेलतो.’ शेतीची वीज रात्रपाळीनं येते, त्यामुळे ऐकणाऱ्याला पटतं. पण त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, लाखोरीचं कडधान्य उभं आहे. लाखोरी धान कापायच्या आधीच उभ्या पिकात फेकतात आणि ती जमिनीतल्या ओलीवर येते, तिला पाणी देत नाहीत. झाडीतला वाचक इथे कान टवकारेल, पुण्याचा वाचक फसेल, आणि दोघांनाही मजा येईल. तो माणूस खरं तर बायकोच्या धाकानं लपून जुगाराच्या फडावर बसला होता.

काळ नीट निवडलात तर खोटं आपोआप मिळतं. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ ला बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात पुन्हा परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं ती कायम ठेवली. कथा २०१६ च्या हिवाळ्यात घडत असेल आणि तुम्ही सरपंचाच्या हस्ते शंकरपटाचं उद्घाटन लावलंत, तर जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटेल. पण त्याच साली चोरून पट भरवलात तर अख्ख्या गावाला पोलिसांशी खोटं बोलायला एकच कारण मिळतं.

कायद्याचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाला कलम ३०२ ऐवजी १०३, चोरीला ३७९ ऐवजी ३०३, फसवणुकीला ४२० ऐवजी ३१८. गावात अजून ‘चारशेवीस’ अशीच शिवी देतात, हवालदार मात्र कागदावर ३१८ लिहितो. तिच्याच बरोबर आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. हवालदाराच्या मोबाइलमध्ये पुतणीच्या लग्नाचे व्हिडिओ ठासून भरलेत, जागा नाही, काय काय पुसायचं यावर घरून फोन येतो: यातून एक अख्खं प्रकरण निघेल. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. निवेदनात नवं नाव, तोंडी जुनं, असं ठेवा.

तपास कोण करणार

शहरी गुप्तहेर गावात आणू नका. त्याला प्रत्येक गोष्ट समजावून सांगावी लागते आणि कथा माहितीपत्रक होते. पोलीस पाटील सगळ्यात सोयीचा, किंवा सोयीची. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ नुसार नेमणूक, गावाचं सगळं ठाऊक, पण तपासाची खरी सूत्रं ठाण्याच्या हातात. माहिती आहे आणि अधिकार नाही, या पेचात विनोदही आहे आणि ताणही. शिवाय संशयितांत तिचे काका, व्याही आणि शेजारी असतात. ‘काकाजी, तुम्ही काल रात्री कुठी होते?’ हे विचारायच्या आधी चहा घ्यावा लागतो, काकूंच्या गुडघ्याची चौकशी करावी लागते, आणि काकाजी उत्तर देतात ते तिसऱ्याच प्रश्नाचं.

तपास करणारा माणूस मूर्ख नसावा. त्याची फजिती व्हावी, पण ती हुशारीमुळे किंवा भिडेमुळे. मूर्ख माणसानं योगायोगानं गुन्हा सोडवला तर वाचकाची मेहनत वाया जाते. आणि पात्रांना आपण विनोदी पुस्तकात आहोत हे कळू देऊ नका. गुरुजींसाठी ती पेटी जन्माची अब्रू आहे. एकदा तरी, पुस्तकाच्या मध्यावर, हसणं पूर्ण थांबलं पाहिजे: गुरुजी मंडळाच्या दोन पोरांना बोलावून शांतपणे स्वतःच्या वावराचा सौदा करायला सांगतात, पैसे भरून द्यायला. तिथे एकही कोटी नको.

मोबाइलची अडचण

आजच्या काळातलं रहस्य बहुतेक वेळा मोबाइलमुळे कोसळतं. लेखक ‘रेंज नव्हती’ म्हणून सुटका करून घेतो. गडचिरोलीच्या काही भागात ते चालेल, पण आळस दिसतो. त्यापेक्षा यंत्राची खरी मर्यादा वापरा. कॉलच्या नोंदीवरून मोबाइल कोणत्या टॉवरखाली होता ते कळतं, मंडपात होता की शेजारच्या शाळेत हे त्यावरून ठरत नाही. नाटकाचे व्हिडिओ शंभर जणांनी काढले, पण सगळ्यांचे कॅमेरे रंगमंचाकडे. त्यांतल्याच एका व्हिडिओत तो पुकारा आणि ते हसू टिपलेलं असतं. तेच शेवटी उपयोगी पडतं. श्वानपथक आणायचं असेल तर मंडईच्या गर्दीनं तुडवलेल्या वाटेवर कुत्रा माग हरवतो. तो थेट आलूबोंड्याच्या गाडीपाशी बसतो असा विनोद मात्र टाळा, फार झाला आहे.

मृत्यू हवाच असेल तर दोन गोष्टी सांभाळा. प्रेत ताठ व्हायला साधारण दोन-चार तासांत सुरुवात होते आणि बारा तासांच्या आसपास सगळं शरीर ताठतं, पण मे महिन्याच्या उन्हाळ्यात हे सगळं लवकर होतं आणि लवकर उतरतं. आणि व्हिसेरा, म्हणजे प्रेतातल्या अवयवांचे नमुने, ग्रामीण रुग्णालयात तपासत नाहीत. तो नागपूर किंवा अमरावतीच्या प्रयोगशाळेत जातो, अहवाल दुसऱ्या दिवशी चहाबरोबर येत नाही.

बोली

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, हे बहुतेकांना जमतं. चूक होते ती ‘विदर्भाची बोली’ म्हणून एकच सरमिसळ केल्यानं. अकोला-अमरावतीची वऱ्हाडी वेगळी, नागपूरकडचं बोलणं वेगळं, झाडीबोली वेगळी. वऱ्हाडीत ळ चा बहुधा य होतो, झाडीबोलीत र. डोळ्याचा एकीकडे ‘डोया’, दुसरीकडे ‘डोरा’. पूर्वेकडच्या गावात निनावी धमकीची चिठ्ठी आली आणि तीत ‘डोये फोडीन’ असं लिहिलेलं असेल, तर लिहिणारा पश्चिमेकडून आलेला आहे. गावात सोयरा म्हणून आलेला अमरावतीकडचा जावई आहेच. ही चिठ्ठी आधी स्पेलिंगच्या चुका म्हणून हसण्यावारी न्यायची, शाळेतल्या पोरांकडून दुरुस्त करून घ्यायची. दुरुस्तीत पुरावा पुसला जातो, मूळ कागद उरतो.

बोलीचा वापर अडाणीपणा दाखवायला करू नका. गावातला सगळ्यात तल्लख माणूस सगळ्यात ठेठ बोलू द्या. आणि प्रत्येक वाक्यात ‘बे’, ‘गा’, ‘बाप्पा’ टाकू नका. चार वाक्यांत एकदा पुरतं. शब्दांपेक्षा बोलण्याची चाल पकडा: थेट उत्तर न देता प्रश्नालाच प्रश्न, कौतुकातून काढलेला चिमटा.

उलगडा

सगळ्यांना एका खोलीत बसवून गुन्हेगाराचं नाव सांगायचा प्रघात गावात ग्रामसभेत छान बसतो. सभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला कमी आकडा गणपूर्तीला लागतो. एरवी तेवढी माणसं जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आज मात्र बसायला जागा नाही. विषयपत्रिकेवर पहिला विषय नाली सफाईचा, आणि अध्यक्ष विषय क्रमानंच घेणार. पोलीस पाटील उभी राहते, तिच्या प्रत्येक वाक्यानंतर कुणीतरी नालीचा विषय काढतं. गुन्हेगार सुटायची वाट शोधतो आहे, वाचकाचा जीव टांगणीला, आणि नालीचा ठराव पास होतो आहे. उलगडा पाच-सहा पानांपेक्षा लांबवू नका. व्हिडिओतलं हसू एकदा ऐकवलं की बाकी वाचक स्वतःच जोडतो.

कच्चा खर्डा झाल्यावर तीन वेगळ्या वाचनांत दुरुस्ती करा. पहिल्यात फक्त वेळापत्रक: कोण कधी कुठे. दुसऱ्यात फक्त पुरावे, प्रत्येकाची पानं कागदावर टिपून. तिसऱ्यात फक्त विनोद, मोठ्यानं वाचून. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य लांब आहे. हस्तलिखित दोघांना द्या, एक त्याच भागातला आणि एक बाहेरचा. दोघांनाही दोन-तृतीयांश पुस्तक झाल्यावर थांबवून गुन्हेगाराचं नाव कागदावर लिहायला सांगा. दोघांनीही बरोबर लिहिलं तर एखादा पुरावा उघडा पडला आहे, तो हुडकून चांगल्या विनोदात हलवा. दोघांनीही चुकीचं पण एकच नाव लिहिलं तर काम फत्ते. आणि दोघांनी ‘कुणीही असू शकतो’ असं लिहिलं, तर मात्र वेळापत्रकाचा कागद पुन्हा पसरा. संशयितांपैकी निदान दोघांना अजून लपवण्यासारखं काही मिळालेलं नाही.